शब्बन मियाँची खूण

३ जून

अंक आला! कुरिअरवाल्या भैयानं गेटवरून हाक मारली तेव्हा मी कणीक मळत होते, तशाच हातानं पाकीट फाडलं. सहा पानं! वर ‘डॉ. वीणा टेंबे, लखनौ’. माझं नाणं अर्धं पान भरून छापलंय. भूमध्य समुद्राकाठच्या एकर बंदरातल्या टांकसाळीतलं, सोन्याचं, क्रुसेडवाल्यांनी पाडलेलं—पण अक्षरं अरबी. तिथल्या बाजारात खलिफाचंच नाणं चालायचं, म्हणून त्याची नक्कल केलेली. आणि माझा शोध असा की ज्यानं हा ठसा कोरला त्याला अरबी वाचताच येत नव्हतं. नुकताच बोटीतून उतरलेला कुणी फिरंगी असणार. आकार बघून बघून कोरत बसला.

माझा शोध! किती सहज लिहिलं गेलं बघ.

शेवटी आभार आहेत. संस्थेतल्या विपुलचे, फोटोंसाठी. नवऱ्याचे, निरंजनचे, ‘संयमासाठी’—हे वाचून तो हसला. शब्बन मियाँचे नाहीत.

४ जून

संस्थेत पेढे वाटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवू दिल्या.

६ जून

एकदाचं लिहूनच टाकते, इथे तरी.

गेल्या नोव्हेंबरात लेकीच्या, क्षितिजाच्या, साडीसाठी ठप्पा करून घ्यायला चौक बाजारात गेले होते. चिकनचं भरतकाम सुरू करण्याआधी कापडावर नक्षी छापून घेतात, त्याचे लाकडी ठप्पे शब्बन मियाँ कोरतात. सत्तरी उलटलीय. पन्नास-पंचावन्न वर्षं माणूस सगळं उलटं कोरतोय, छापल्यावर सुलटं दिसावं म्हणून. नाण्याचा ठसाही तसाच उलटा कोरलेला असतो. पर्समध्ये नाणं होतं, विपुलकडे फोटोला न्यायचं होतं. म्हटलं चला, दाखवू गंमत म्हणून.

एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हातात भिंग. दोन मिनिटं बघितलं असेल नसेल. “लकीरें उल्टी तरफ़ से उठी हैं, डॉक्टर साहिबा. जिसे लिखना आता हो, उसका हाथ ऐसे नहीं चलता.”

सात वर्षं ते नाणं माझ्याकडे आहे! सात वर्षं भिंगाखाली, सूक्ष्मदर्शकाखाली घालून बसलेय मी. प्रत्येक रेघेचं एक टोक जाड आणि एक बारीक, हे मला दिसत होतं, पण हात कुठून कुठे गेला असेल हे कधी डोक्यातच आलं नाही.

इंग्रजी लेखात मी लिहिलं, ‘बारकाईने निरीक्षण केले असता असे आढळते की...’ कुणी केलं निरीक्षण? कुणाला आढळलं, बाई?

नाव घालायचं मनात होतं. दोनदा टाइप केलं. मग वाटलं, संपादक हसतील. चौकातल्या ठप्पेवाल्याच्या सांगण्यावरून बाई सिद्धांत मांडतायत म्हणतील! खोडलं. कुणी सांगितलं नव्हतं खोडायला.

१० जून

निशातगंजला हेमाकडे जेवायला. सगळी मराठी मंडळी होती. कुणीतरी लेखाचं कौतुक काढलं आणि मी—काय अवदसा आठवली मला!—चंद्रकांत सरांची गोष्ट सुरू केली. चौऱ्याण्णव साली माझ्या गाईडनं माझं दोन वर्षांचं काम स्वतःच्या नावावर छापलं, आभारातसुद्धा माझं नाव नाही, ती गोष्ट. तीस वर्षं सांगतेय. आजही सांगताना आवाज भरून आला, आणि तो खरा होता, नाटक नव्हतं. हेमानं पाठीवर हात ठेवला. मी ठेवू दिला.

परत येताना गाडी क्षितिजा चालवत होती. “मम्मी, शब्बन चाचा का नाम तो है ना उसमें?”

मी म्हटलं, समोर बघ.

“नहीं है? यार मम्मी! चंद्रकांत सर वाली स्टोरी सुना के आ रही हो!”

निरंजननं रेडिओ लावला. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

११ जून

चंद्रकांत सरांनाही असंच सहज वाटलं असेल का? मी त्यांना राक्षस समजत आले.

१५ जून

मलिहाबादहून दशहरीची पेटी मागवली आणि घेऊन गेले चौकात. ठरवून गेले होते—आधी सांगायचं, मग आंबे द्यायचे.

आधी आंबे दिले.

मियाँ एवढे खूश! डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मोतीबिंदू काढला. हिरवा चष्मा लावून बसले होते, म्हणाले, “अब तो मक्खी की टाँगें भी गिन लूँ.” मग आपणहून लेखाचं विचारलं, “आपका वो मज़मून छपा?”

मी म्हटलं, “अभी टाइम लगेगा, चचा.”

तोंडातून निघूनच गेलं. पर्समध्ये अंक होता, दाखवायला म्हणून नेलेला. पर्स घट्ट धरून बसले मी! त्यांनी चहा मागवला, मलाई मारके. प्यायले. प्यायले मी तो चहा.

१६ जून

खोटारडी.

२० जून

नाणेअभ्यासकांच्या मंडळाची मेल. ऑगस्टमध्ये मुंबईला वार्षिक व्याख्यान द्यायला बोलावलंय, याच लेखावर. बाईला पहिल्यांदाच मान देतायत म्हणे. सतरा वर्षं मी या मेलची वाट पाहिली असेन. निरंजनला वाचून दाखवली. तो म्हणाला, “जाशील तेव्हा मियाँना काय सांगणार? की मुंबईला लग्नाला चाललेय?”

त्याचं बरोबर आहे. चिडले तरी बरोबर आहे.

२३ जून

सांगितलं!

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अंक समोर ठेवला आणि सगळं बोलून टाकलं—छापून आलाय, त्या दिवशी खोटं बोलले, तुमची गोष्ट माझी म्हणून लिहिली. हिंदी लटपटत होतं, लिंगं चुकत होती, रडूही यायला लागलं. मियाँ लाकडावर तेल चोळत होते. चोळत राहिले.

“रोइए मत.” मग लाकूड पालटून, “बुरा तो लगा.”

एवढंच. मी म्हटलं, दुरुस्ती छापून घेते, तुमचं नाव घालून. मुंबईलाही सांगते, सगळ्यांसमोर.

हातातलं थांबवलं त्यांनी. “नाम लगेगा? तो सिक्का फिर से दिखाइए.”

मला कळेना. त्यांनी एक ठप्पा उचलून कड दाखवली. तिथे तीन ठिपक्यांची बारीक खूण कोरलेली. कापडावर ती कधी उमटत नाही, कारण कडेला असते, पण शहरातला प्रत्येक छपाईवाला ओळखतो. पहिली छाप स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते ही खूण करत नाहीत. नोव्हेंबरात नाणं पाहिलं तेव्हा डोळ्यात मोतीबिंदू होता, दुकानात उजेड नव्हता, हातात चहा होता. “वो तो चाय पे कही बात थी, डॉक्टर साहिबा. आपने पूछा होता कि छापनी है, तो मैं दोबारा देखता.”

विचारलं असतं तर. शुक्रवारी नमाजानंतर नाणं घेऊन बोलावलंय.

२७ जून

तासभर बघितलं. दुकानाबाहेर, उन्हात, खुर्ची टाकून. रिक्षावाले घंटा वाजवून वाजवून बाजूनं गेले. मी उभी.

मग म्हणाले, “ग़लत कहा था मैंने.”



“ये खब्बू था.” डावखुरा! त्यांचा थोरला भाऊ डावखुरा होता, तोही ठप्पे कोरायचा आणि त्याच्या सगळ्या रेघा अशाच दुसऱ्या बाजूनं उठायच्या. मोतीबिंदूतून उलट्या रेघा दिसल्या, पण एक गोष्ट दिसली नव्हती. नाण्याच्या कडेला एका अक्षराची दांडी आधी चुकीच्या जागी कोरली गेलीय. कोरणाऱ्यानं ती बुजवून शेजारी नीट कोरली. बुजवलेली रेघ केसाएवढी उरलीय. मला भिंगातूनही सांगितल्यावरच दिसली.

“जो पढ़ न सके, वो अपनी ग़लती पकड़ेगा कैसे? ये तो अच्छा-ख़ासा पढ़ा हुआ कारीगर था.”

संपला माझा फिरंगी! सहा पानं, पेढे, व्याख्यान—सगळं संपलं.

२८ जून

कुणालाही माहीत नाही. मियाँ आणि मी. मियाँना इंग्रजी वाचता येत नाही, मुंबईला ते येणार नाहीत. नाव घालून जुनंच सांगितलं तरी चालून जाईल. काल संध्याकाळपासून हे डोक्यात घोळतंय. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या डावखुऱ्यालाही आम्ही अडाणी ठरवून ठेवू, त्याचं कोण येणार आहे जाब विचारायला?

लाज वाटते की हा विचार इतका वेळ टिकला.

३० जून

संपादकांना आणि मंडळाला पत्र लिहिलं. लेखातला निष्कर्ष चुकीचा आहे, चूक सर्वस्वी माझी आहे, खरं काय ते चौकातले ठप्पे कोरणारे उस्ताद शब्बन यांनी दाखवून दिलं. व्याख्यान रद्द करा, नाहीतर त्यांचं नाव माझ्या नावाच्या आधी घाला. क्षितिजानं वाचलं. “अच्छा लिखा है, मम्मी.” छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. उद्या मियाँना वाचून दाखवते आणि मग पाठवते.

१ जुलै

ओळ न् ओळ हिंदीत करून वाचून दाखवलं. मान हलवत ऐकत होते. ‘चूक सर्वस्वी माझी’ आलं तिथे हात वर करून थांबवलं मला.

“वो ग़लती तो मेरी थी, डॉक्टर साहिबा. वो भी अपने नाम कर ली?”