गुहेतली बाबांची खोली

माझ्या रागीट लेका,

अक्षर वाकडंतिकडं आहे, चालवून घे. नोकरी सोडून गुहा धुंडाळते म्हणून ज्या लेकीशी तू वर्षभर बोलला नाहीस, तिनं डोंगराच्या पोटात नवी गुहा शोधलीय! गुडघे सोलून घेतलेत, पण तुझे तरी लहानपणी कुठे धड असायचे? गुहा शोधणाऱ्यांत रीत अशी, की जो आधी आत शिरेल त्यानं नाव ठेवायचं, मग ते नकाशात कायमचं. एका अरुंद बोळाचं नाव ‘पोट आत घे’! मी हसून हसून बेजार. आणि सगळ्यात मोठ्या दालनाला तिनं ‘बाबांची खोली’ म्हटलंय.

मी विचारलं, “का गं, टोमणा मारलास?”

“नाही गं आजी. आधी तिथे नुसता काळोख आणि सगळं गप्प. पण जरा वेळ बसून राहिलं, की आत कुठेतरी पाणी वाहताना ऐकू येतं.”

हे पत्र काही मी टपालात टाकत नाही, तिच्याच हाती देतेय, कारण रविवारी नकाशा घेऊन तीच तुझ्याकडे येतेय. मी बजावलं, “तो दार लावून घेईल हो.”

तर म्हणते, “घेऊ दे. मी बाहेर बसेन. मला सवय आहे.”

आज फार खुशीत असलेली,
तुझी आई