शून्य आणि एक

मंगळवार, संध्याकाळ

दमले आज. मागच्या आठवड्यात ऑनलाइन चाचणीत a+b च्या जागी b+a लिहिणाऱ्या पोरींना कॉम्प्युटरनं शून्य दिलं, म्हणून मी तपासणीच बदलली. आता तो मुलीच्या सूत्रात आणि माझ्या सूत्रात आकडे टाकतो. दोन्हीकडे सारखं आलं की पूर्ण गुण. आकडे मीच निवडले, शून्य आणि एक. सोपे म्हणून. कंटाळा, दुसरं काय!

तास सुटल्यावर केनवडची सना टेबलापाशी आली. "मॅडम, मले पुरे मार्क कायले देल्ले? मायं उत्तर तं चुकलं होतं."

उत्तर होतं x चा वर्ग, तिनं लिहिला घन. शून्याचा वर्ग शून्य, घनही शून्य. एकाचं तेच. फरक कळणार कसा?

"तुले कसं समजलं?"

"दोन टाकून पाह्यला. इकडं चार आले, तिकडं आठ. तुमीच तं सांगता, ताळा करून पाहा म्हून."

साधा दोन. मला का नाही सुचला? आता अख्खी चाचणी पुन्हा तपासायची.

सनाचे गुण तिच्यासमोरच कापले. "आता बराबर झालं," म्हणाली आणि गेली.

माझे कोण कापणार?