भाड्याच्या घरातलं मोठं माणूस

अप्पा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी लिहितेय. गुलबर्ग्याचं घर मी मुदतीआधी कसं सोडलं, हे तुम्हाला सांगायचं राहिलंय. ठाऊक असेलच म्हणा. तिथं तुम्ही होतात, असं सगळे म्हणतात.

मोबाइलच्या दुकानात माझी नोकरी होती. एका सोमवारी गेले तर शटर खाली आणि मालक गायब. पुण्यात एका मैत्रिणीनं दुसरी नोकरी बघून ठेवली होती, पण महिनाअखेर हजर व्हायचं होतं, नाहीतर तीही गेली असती. घराचा करार मात्र अकरा महिन्यांचा, आणि त्यातले निम्मेही सरले नव्हते. घरमालकीण अक्का तळमजल्यावर राहायची. मनानं वाईट नव्हती, पण शब्दाला पक्की. "मधीच सोडायचं असंल तर तुझ्या जागी माणूस आणून दे, मग खुशाल जा," म्हणाली. मला वाटलं, एवढंच ना. हवेशीर घर, नळाला पाणी, कोण नको म्हणेल.

पहिलं आलं ते चिटगुप्प्याकडचं मास्तर जोडपं. टळटळीत दुपार होती. बाई स्वयंपाकघर बघून मागच्या गॅलरीत गेल्या आणि लगेच माघारी वळल्या. डोक्यावर पदर घेतला होता. "आत मोठं माणूस बसलंय, सांगायचं न्हाई व्हय?" मला हळूच म्हणाल्या. मी जाऊन बघितलं. खुर्चीवर तुमची घोंगडी होती, उन्हात टाकलेली. मी हसून तसं सांगितलंही. बाई हसल्या नाहीत. "म्हाताऱ्या माणसाला उठवून आमी कामून ऱ्हावं?" म्हणत जिना उतरल्या.

घोंगडी मी पेटीत घातली, खुर्ची आत आणली. पुढच्या आठवड्यात औषधं विकणारे एक गृहस्थ आले. गॅलरीच्या दारात थबकले, कपाळाला हात नेऊन सलाम केला आणि कुणाची झोपमोड होऊ नये तसे पावलं न वाजवता बाहेर आले. "चाचा सोरे, रहने दो. उनको तकलीफ नक्को," एवढंच बोलून गेले. नंतर मी गॅलरीत उभी राहिले. रिकामी फरशी. पाऊस कुठंच नव्हता, तरी कोपऱ्यात ओल्या लोकरीचा वास. अंगावर काटा आला, आणि त्याहून जास्त तुमचा राग आला. मला जायचं होतं आणि तुम्ही दारात पाय पसरून बसला होतात. जिवंतपणी कधी कुणाच्या वाटेत आला नाहीत.

मग ते आठवलं. मादन हिप्परग्याच्या रानातून मेंढरांचा तळ हलतोय, सगळे पुढं गेलेत, आणि तुम्ही रिकाम्या जागेकडं तोंड करून उभे आहात. एकेकाचं नाव घेऊन हाक मारताय. आईचं, माझं, कुत्र्याचं, मी जन्मायच्या आधीच मेलेल्या आजीचंही. "चला, कुणी मागं ऱ्हाऊ नगा." एकदा हाक पुरी व्हायच्या आत मी पळाले, तर बखोट धरून माघारी आणलंत. "हाक मारल्याबिगर पाठ फिरवायची न्हाई. जीव तितंच बसून ऱ्हातोय." तुम्ही गेल्यावर गाव सोडून मी गुलबर्ग्याला निघाले, तेव्हा उंबऱ्यावर थट्टेनं म्हणाले होते, "चला अप्पा, तीन मजले चढायचेत." तुम्ही चढलात.

अक्काला सगळं सांगितलं. ती तुरीची डाळ पाखडत होती. तिचं सूप थांबलंसुद्धा नाही. "दुपारचं जिन्यावर काठी वाजतीय की," म्हणाली. "आता माणूस आणू नगंस. किल्ली दे आन जा. पन जाताना अप्पाला संगं ने."

करार असा सुटला, आणि पंचाईत तिथंच झाली. पुण्यात सोय होती ती बायकांच्या होस्टेलात. पुरुषमाणसाला फाटकाच्या आत मज्जाव. कुठं नेणार होते तुम्हाला? तरी सामान खाली गेल्यावर उंबऱ्यात उभी राहिले, रिकाम्या खोल्यांकडं तोंड करून. थट्टा सुचली नाही. "चला अप्पा, मागं ऱ्हाऊ नगा," म्हणाले आणि उतरले. मागं काठी वाजली नाही, मी कान देऊन होते. खाली अक्का दारात उभी होती. मी तिच्यासमोरून गेले, आणि मग तिनं पदर डोक्यावर घेतला.

होस्टेलच्या फाटकावरचे मामा आठवड्याभरात म्हणाले, "ताई, वडलांना सांगा, झाडाखाली बसा म्हणावं. उन्हात बसतात, माझं ऐकत नाहीत." मी बघितलं, फाटकाजवळचा उन्हातला बाक रिकामा होता. सगळ्यांना दिसता, मला एकदाही नाही. याचं फार वाईट वाटतं.

त्याला बरीच वर्षं झाली. आता होस्टेल सुटलं, घर घेतलंय, भाड्याचंच. मालकानं विचारलं, किती माणसं राहणार? दोन, म्हणाले. मी आणि वडील. ते फार बोलत नाहीत.

हा कागद कुठल्या पेटीत टाकणार? तुमच्यासमोर मोठ्यानं वाचावा असं मनात होतं, खुर्चीसुद्धा ओढून ठेवलीय. पण धीर होत नाही. वाचता वाचता तुम्ही मधेच "व्हय" म्हणालात तर मी भिईन, अप्पा, आणि ते तुम्हाला दिसेल.