सही मी करते

प्रिय नरेल,

अठरा वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट केराच्या टोपलीत टाकलं नसशील, तर आधी चांगली बातमी. तुझी टिली निवडली गेली. बॅलरॅटला मी मुलींना टेनिस शिकवते, हे तुला ठाऊक असेलच. शनिवारी चाचणीत ती नेटपाशी उभी राहिली, गुडघे वाकवून, जीभ दातांत धरून, आणि अर्जावर आईचं नाव वाचायच्या आधीच मी ओळखलं. चेंडूचा टप्पा पडू न देता मारलेली तुझीच व्हॉली. माझ्याबरोबर शिकवणारा ग्रॅहम म्हणाला, "ही पोरगी कुणाची गं? हात बघ तिचे." मी म्हटलं, असेल कुणाची तरी.

मिल्ड्युराची स्पर्धा आठवते? तुझ्या वडिलांची खटारा गाडी, पाच तासांचा रस्ता, कॅरव्हॅन पार्कातला उकाडा आणि तुझं घोरणं. एकेरीत दोघी पहिल्याच फेरीत गारद. सगळी भिस्त दुहेरीवर. पर्थच्या एका मुलीनं तुला जोडीला खेळतेस का विचारलं, तर तू म्हणालीस, "छे, मी लिओनीबरोबरच." नावांचा कागद बाराला बंद व्हायचा, जोडीतल्या एकीनं दोघींची नावं लिहून सही केली की झालं. तू भुकेनं कासावीस. मीच म्हणाले, "जा, खाऊन ये, सही मी करते."

टेबलापाशी रोशेल उभी होती. क्रमवारीत तुझ्यापेक्षा दोनशे जागा वर, आणि जोडीदारीण ऐन वेळी आजारी पडलेली. "खेळतेस का?" एवढंच तिनं विचारलं. मी तिचं नाव लिहिलं. तू परत आलीस, ओठाला सॉस लागलेला, बोर्डावरची नावं वाचलीस आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलीस. तोवर कागद बंद झाला होता. एक शिवी हासडली असतीस तर मी सुटले असते. तू रॅकेट गाडीत टाकलीस आणि एकटी घरी गेलीस. त्यानंतर तू स्पर्धा खेळलीच नाहीस.

आम्ही जिंकलो. त्या गुणांवर जपान, मग युरोप, मग मेलबर्नच्या मोठ्या स्पर्धेत दोनदा मुख्य फेरी. दुहेरीत जगात एकसष्टावी. सुरुवात कुठून झाली, असं मुलाखतीत विचारायचे. मी मिल्ड्युरा म्हणायचे आणि पुढचं गिळायचे. खांदा गेला तेव्हा रोशेलनं एका ओळीच्या निरोपात मला सोडलं. करावे तसे भरावे. लाज तेव्हाही वाटली, पण तुला लिहिण्याइतकी नाही.

आता लिहितेय, कारण चाचणीनंतर टिली माझ्याकडे आली होती. "आई म्हणते, तुम्ही दोघी जोडीनं खेळायचात. खरंच?" शेजारी चार मुलींच्या आया उभ्या होत्या. मी म्हटलं, "खूप जणी असायच्या गं, सगळ्या कुठल्या लक्षात राहायला?" बायका हसल्या. पोरगी कानापर्यंत लाल झाली, सॉरी म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. तिला वाटलं असणार, आई बढाया मारते. मला माफ कर, असं मी म्हणत नाही, नकोच करूस. पण हे पत्र टिलीच्या हातात दे. सगळं वाचू दे, सहीचंसुद्धा. मंगळवारी सरावाला आली, तर त्याच बायकांसमोर मी तिला खरं सांगेन. नाही आली, तरी तिची आई खोटं बोलली नव्हती, एवढं तिला कळू दे.

तुझीच म्हणवायला तोंड नसलेली,
लिओनी