साडेसहा अधिक साडेसहा बरोबर शून्य

तीर्थस्वरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझी कंबर आता कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का? इकडे आई ठणठणीत आहे. मीही बरा आहे, फक्त डोकं जागेवर नाही, आणि त्याला कारण तू पाठवलेलं पार्सल आहे.

गेल्या हिवाळ्यात आई बाथरूममध्ये पडली आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे, हे तुला ठाऊक आहेच. रोज सकाळी फोन केला तर ती म्हणते, मी आहे की गेले याची हजेरी घेऊ नकोस. म्हणून तू सुचवलेला मार्ग मला पटला होता. आई उठल्याबरोबर विजेच्या किटलीत चहाचं पाणी ठेवते. किटलीच्या वायरीला पार्सलातली ती चिमट्यासारखी उघडणारी कडी अडकवायची, वायरीत किती करंट आहे ते कडीतून सोबतच्या छोट्या सर्किट बोर्डाला कळणार, बोर्ड आकडा माझ्या घरच्या पडद्यावर पाठवणार. आकडा चढला की आई उठली. तू कॉलेजात पोरांना हेच शिकवतेस, तेव्हा मला अवघड जाणार नाही असं तुला वाटलं असावं. (मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर काढतो, म्हणून नंबर म्हटलं की माझ्या गळ्यात घालायचा, असा घरात रिवाजच पडला आहे.)

आधी मी सगळं माझ्या टेबलावर जोडलं. कडीत वायर नाही, जवळपास काही चालू नाही, तरी आकडा आला शून्य पूर्णांक दोन अँपिअर. मी टेबल हलवून पाहिलं, दिवा बंद केला, खोलीबाहेर जाऊन दाराच्या फटीतून पाहिलं. आकडा तसाच. म्हटलं, असेल वीज हवेतही थोडीफार.

मग आईकडे जाऊन कडी किटलीच्या वायरीला लावली. तुझ्या सूचनेत लिहिलं होतं, एका वायरीभोवती. किटलीला एकच वायर आहे, काळी आणि जाड. मी तीनतीनदा मोजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता पडद्याकडे पाहत होतो. आईची उठायची वेळ झाली, टळली, पार उलटून गेली. आकडा ढिम्म हलेना. फोन केला, तोही उचलला नाही. अर्ध्या गालावर फेस आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून मी दोन गल्ल्या पळत गेलो. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आत आई खुर्चीत बसून चहा पीत होती. किटलीतून वाफ येत होती.

"कोण गेलं?" माझा अवतार पाहून तिने विचारलं.

मी म्हटलं, कुणी नाही, यंत्र म्हणतं तू किटली लावलीच नाहीस. तिने कप खाली ठेवला. "मग हे मी काय पितेय?"

(फोन उशीखाली होता.)

नाक्यावरच्या वायरमनला बोलावलं. त्याचं पहिलंच म्हणणं असं की वायर कापून मध्ये मीटर घातल्याशिवाय करंट मोजता येत नाही, बाहेरून कडी घालून मोजणं म्हणजे भिंतीला कान लावून पलीकडचा स्वयंपाक चाखणं. तरी माणूस हौशी निघाला. त्याने एका जोडवायरीचं, म्हणजे एक्स्टेंशनचं, वरचं कातडं हातभर सोलून काढलं, तर आत तीन वायरी. लाल, काळी, हिरवी. किटली त्या जोडवायरीवर लावली आणि लाल वायरीवर कडी घातली. साडेसहा अँपिअर! आम्ही दोघं हरखलो. मग त्याची जिज्ञासा जागी झाली. काळीवर कडी घातली, पुन्हा साडेसहा. तो म्हणाला, असं होणार नाही, काळी तर परतीची वायर, काम करून रिकामी येते. हिरवीवर घातली, काही नाही, नुसता तो हवेतला शून्य पूर्णांक दोन. तिन्ही एकत्र धरून घातली, तर पुन्हा काही नाही. म्हणजे साडेसहा अधिक साडेसहा अधिक शून्य बरोबर शून्य. जाणारा करंट आणि परतणारा करंट एकमेकांना खोडतात की काय, देव जाणे. वायरमन चहा न घेताच गेला.

जाण्याआधी कडी घसरू नये म्हणून त्याने लाल वायरीचा एक वेढा घेऊन ती दोनदा कडीतून नेली होती. परिणामी दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर तेरा! किटली तीच, पाणी तेवढंच. मला वाटलं, आईकडे कुणीतरी आलंय आणि दोन किटल्या चालू आहेत. पुन्हा पळालो. आई एकटीच होती. तिने या वेळी दुसरा कप काढला.

आता वेढा काढला आहे आणि आकडा रोज वेळेवर साडेसहावर जातो. पण का जातो, ते समजावून सांग. मला झोप लागते, पण शंकेसकट.

भावोजींना नमस्कार, मुलांना गोड पापा.
तुझा गोंधळलेला,
ढब्बू

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. आईला अशीच एक कडी हवी आहे. ती माझ्या विजेच्या शेगडीच्या वायरीला लावायची आणि पडदा तिच्या उशाशी. म्हणते, सून गेल्यापासून हा पोरगा एकटा काय खातो ते मला कळायला नको? लगेच पाठव असा निरोप आहे.

ता. ता. क. – लगेच पाठवू नकोस. मी रोज स्वयंपाक करतो असं तिला सांगत आलोय. माझ्या शेगडीचा आकडा शून्य येईल, आणि त्यात कडीची काही चूक नसेल. एक महिना दे. आणि भात किती पाण्यात शिजतो ते उलट टपाली कळव.