भिंतीतून जाणारी राखाडी वायर

रवि., १ फेब्रु.

रॅक आला एकदाचा. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबनं मोठा नवीन घेतला, हा जुना भिंतीवरचा अडगळीत जाणार होता. प्राचार्यांकडून रीतसर लिहून घेतलं आणि स्कूटरवर पुढ्यात उभा करून टिळकवाडीतून वडगावपर्यंत आणला. वाटेत दोघांनी विचारलं, "मास्तर, फ्रीज घेतलासा?"

नंदा दारातच. "काचेचं कपाट! आत काय ठेवणार?"

"वायरी."

"वायरीस्नी कपाट, आणि माझ्या साड्या ट्रंकेत."

रॅक जिन्याखाली नेऊन ठेवला.

मेघा २२ला पुण्याहून येते. सातवा लागेल. बाळंतपण इथंच, पण रजा सुरू होईपर्यंत वरच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करणार. फोनवर एकच विचारलं तिनं, "बाबा, नेट जाणार न्हाय न्हवं?" गेलं तर नाव बदलीन म्हणालो. बावन्नाव्या वर्षी नाव बदलायला नको, म्हणून हा सगळा घाट.

सोम., २ फेब्रु.

टीव्हीमागं बॅटरी मारून बघितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लॅबमध्ये पोरांना एक वायर वाकडी ठेवू देत नाही, आणि स्वतःच्या घरात हे! फायबरची डबी उलटी, राऊटर तिच्यावर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर पाटावर, यूपीएस लाईट गेल्यावर दोन मिनिटं रडून गप्प. सगळ्यावर मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा कापूस. रेकॉर्डरच्या पंख्यातून लाडवाएवढा गोळा निघाला.

नंदा: "ह्यात साप बसला तरी कळायचं न्हाय."

वायरी मोजल्या. १४. इतक्या कशाला लागतात?

बुध., ४ फेब्रु.

सगळं सोडवलं. प्रत्येक वायरीच्या टोकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, नंबर वहीत. आता रविवारपर्यंत घरात नेट नाही, नंदा मोबाईलवर भागवते आणि बोलून दाखवते. सं. जिन्याखाली रॅक चढवला. चार भोकं, चार गिट्ट्या, चार स्क्रू. एकटाच होतो, डोक्यानं रॅक तोलून धरून स्क्रू पिळले. झकास बसला. दोनदा उगाच दार उघडून मिटलं.

पलीकडं आज हलगी नाही.

पलीकडं म्हणजे अण्णा, माझा थोरला भाऊ. घर एकच, मधे भिंत, दारं दोन, पुढचा कट्टा मात्र सामाईक. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून रिटायर झाल्यापासून संध्याकाळी टीव्हीवर कुस्तीची मैदानं बघतो. नेटवर काय वाट्टेल ते मैदान सापडतं आता. भिंतीतून हलगी येते आणि मधेच अण्णाचं "आरं, पट काढ की!"

दोन वर्षं झाली, आम्ही बोलत नाही. बायका बोलतात. अण्णा गावी गेला असेल, खानापूरकडं.

शुक्र., ६ फेब्रु.

तेरा वायरींची दोन्ही टोकं सापडली. चौदावी राखाडी. टीव्हीच्या कपाटामागून भिंतीत जाते. ओढून बघितली, पलीकडून ओढ लागली.

मग आठवलं. अण्णाच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मीच घातली होती. पडल्या पडल्या टीव्ही बघायला मिळावा म्हणून. पलीकडं वायफायची छोटी डबीही माझीच. पण ती वायर मी काढली होती! मेघाच्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, स्वतःच्या हातानं, राऊटरमधून हिसकून. आणि परवा सोडवली तेव्हा ती राऊटरमध्येच होती, चौथ्या भोकात. मी वहीत '४ – राखाडी' असं लिहिलंसुद्धा आहे.

नंदाला विचारलं. भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच घातली. तुमी कॉलेजला गेल्यावर."

"दोन वर्षं?"

"मग! हलगी काय वाऱ्यावर वाजत हुती?"

मला वाटायचं अण्णानं स्वतःचं कनेक्शन घेतलं.

"आणि परवापास्नं वाजत न्हाय. कशी वाजंल? तुमीच वायर काढलासा."

अण्णा गावी गेलेला नाही तर. पलीकडं बंद टीव्हीसमोर बसलाय.

शनि., ७ फेब्रु.

भांडण लिहून ठेवतो, एकदा तरी खरं खरं. लग्नपत्रिकेत 'आपले नम्र' म्हणून नावं घालायची होती. आमच्या भावकीत नावं अकरा, आणि कोण आधी कोण मागं यावरून दर लग्नात कुणीतरी रुसतं. मी म्हटलं आपण शिकलेले, वादच नको, अकारविल्हे लावू. लावली. अण्णाचं नाव सदाशिव. सगळ्यात खाली आलं, चुलतभावांच्या खाली, माझ्या खाली. ज्यानं मला शिकवलं, फाउंड्रीत दोन पाळ्या केल्या, तो अकरावा.

छापून आल्यावर माझ्या लक्षातही आलं नाही. मी रांग सरळ आहे का तेवढंच बघत होतो.

अण्णा लग्नाला आला, अक्षता टाकल्या, न जेवता गेला. मला चारचौघांत अपमान वाटला. म्हणून तिसऱ्या दिवशी वायर काढली. काढताना बरं वाटलं होतं, हेही लिहितो.

रवि., ८ फेब्रु.

सकाळी सगळं रॅकमध्ये जोडलं. राखाडी पहिली लावली. दिवा लागेना. टोक कापलं, नवीन क्लिप दाबली, तरी नाही. म्हणजे पलीकडंच तुटलंय.

दुपारी कळलं. कट्ट्यावर आमच्या बाजूला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. आत वायफायची डबी, पुसून लख्ख केलेली, तिची प्लगची वायर गोल गुंडाळून वर सुतळी. नंदाला वहिनींनी सांगितलं: "म्हणाले, त्येची वस्तू त्येला परत दे."

पुडकं घरात आणून मांडीवर घेऊन बसलो. इतकी स्वच्छ डबी माझ्या घरात दुसरी नाही.

सोम., ९ फेब्रु.

परत केली ना? मग राहू दे. माझीच वस्तू आहे.

बाकी काम झकास चाललंय. पॅच पॅनेलला, म्हणजे भोकांच्या पट्टीला, छोट्या वायरी घातल्या, निळ्या घराच्या, पिवळ्या कॅमेऱ्यांच्या, हिरवी एकटी मेघाच्या खोलीची. वेल्क्रोच्या पट्ट्या. वर गाळणीचा पंखा बसवला, कापूस आत येणार नाही. वरच्या खोलीत लाईट घालवून बघितली, यूपीएसची नवी बॅटरी पन्नास मिनिटं टिकली.

मेघाचा फोन. "बाबा, अण्णा बोलत्यात काय?"

"तू नेटची काळजी करू नको."

"मी नेटचं विचारलंच न्हाय. एवढं पोट घेऊन मी दोन घरांत दोन तोंडं करून न्हाय फिरणार. मी यायच्या आत मिटवा. न्हायतर मी सासरीच बाळंत होते."

ही धमकी पोकळ नाही. आजीवर गेलीय.

बुध., ११ फेब्रु.

गेलतो. पुडकं घेऊन, क्लिप दाबायचा पाना खिशात. कट्ट्यावरून सहा पावलं. वहिनी दारात आल्या, म्हणाल्या, "शनिवार खुटाकडं बाजाराला गेलेत, भावजी, बसा की." नको, येतो परत म्हणालो.

बाहेर पडल्यावर हायसं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली. एकाच मिनिटात दोन्ही.

शुक्र., १३ फेब्रु.

आज होता. खुर्चीत, चष्मा कपाळावर. टीव्ही बंद, त्याच्यावर टॉवेल टाकलेला.

"काय रं?"

दोन वर्षांनी पहिला शब्द 'काय रं'. मी काय काय ठरवून गेलतो, सगळं विसरलो. म्हटलं, "रॅक बसवालोय अण्णा. सगळ्या वायरी काढल्यात घरच्या. तुझीपण निघाली."

"काढायची तर काढ की. इचाराय कशाला आलास?"

"काढायची न्हाय. जोडायला आलोय. पलीकडनं जोडल्याबिगर दिवा लागत न्हाय."

माझ्या हातातल्या पुडक्याची सुतळी त्यानं बोटानं चाचपली. "रॅक म्हंजे?"

"भिंतीवरचं कपाट."

"कुणी बसवलं?"

"मीच."

"तू?" उठला. चपला घातल्या. "चल, दाव."

नंदा चूल सोडून बाहेर आली आणि परत आत गेली. अण्णा रॅकसमोर उभा राहिला. वायरी बघितल्या नाहीत, रंग बघितले नाहीत, दिवे तर नाहीतच. एक डोळा मिटून म्हणाला, "वाकडं हाय."

"न्हाय अण्णा."

"डावीकडं उतरतंय. लेव्हल लावलीस?"

डोक्यानं तोलला होता, हे सांगितलं नाही.

रवि., १५ फेब्रु. शिवरात्र

सकाळी अण्णा स्वतःची लेव्हल घेऊन हजर, फाउंड्रीतली, कापडात गुंडाळलेली. बुडबुडा खरोखरच उजवीकडं, उंच बाजूला पळाला. तीन सूत फरक. सगळं पुन्हा उतरवलं, पुन्हा चौदा वायरी. उपवासाच्या तोंडी भोकं पाडली. मी रॅक धरला, त्यानं ड्रिल चालवलं, आणि भोक पाडताना माझ्यावर ओरडला, जसा चाळीस वर्षांपूर्वी सायकल धरायला लावून ओरडायचा. लई बरं वाटलं.

नंदानं शाबूची खिचडी दिली. खाता खाता विषय त्यानंच काढला.

"ते अकारविल्हे म्हंजे काय रं? तुझ्या वहिनीनं सांगितलं मला, तू तसं लावलंतास."

समजावून सांगितलं. क, ख, ग. स शेवटाकडं.

"आणि वरती देव छापलंतास ते? गणपती, मग कुलदैवत, मग गावदेव. ते बी अकारविल्हेच काय?"

नाही. देव मानानं लावले होते. दोन वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हटलं, "चुकलो अण्णा." इतकंच म्हटलं. त्यानं माझ्या ताटलीत आपले शेंगदाणे टाकले, लहानपणी टाकायचा तसे.

मग उठून परत ड्रिल हातात घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "एक सांगतो बाळू. राग आलता. पन तू वायर काढली न्हाईस. मी जेवलो न्हाय, बोललो न्हाय, तरी टीव्ही लावला की लागायचा. रोज. हिला म्हणायचो, बाळू वंगाळ न्हाय गं, भांडला पन वायर न्हाय काढली. परवा बंद पडला तवा वाटलं, संपलं, आता खरंच तोडलं ह्यानं."

मी फरशीवरचा चुरा झाडत होतो. झाडतच राहिलो.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

मंगळ., १७ फेब्रु.

नंदाला म्हटलं, सांगायला पाहिजे त्याला. वायर मी काढली, तू घातलीस. मान तुझा आहे.

"मला काय करायचाय मान घेऊन? गप बसा. माणूस दोन वर्सांनी घरात आलाय."

"खोटं आहे पण."

"मग सांगा. माझं नाव त्यात आणू नगासा."

माझ्याच घरात मला कुणी धड सल्ला देत नाही.

पण खरं सांगायचं तर हे चार दिवस मजेत गेले. पलीकडं दिवा लागला, डबी परत भिंतीवर चढली. अण्णा दिवसातून दोनदा येतो, दार उघडतो, हिरवे दिवे बघतो. कालपासून गल्लीतल्या लोकांना बोलावून दाखवतोय. "आमच्या बाळूनं केलंय. मी फकस्त लेव्हल बघितली."

आमच्या बाळूनं. प्रत्येक वेळी मी उगाच एखादा स्क्रू घट्ट करतो.

गुरु., १९ फेब्रु.

लेबलं छापली, चिकटवली. वहीही फाडून नवीन स्वच्छ लिहिली. जुन्या पानावर '४ – राखाडी' होतं, ते पान ठेवलंय. का ते माहीत नाही.

सं. अण्णानं मेघाला फोन लावला, स्पीकरवर. तिला पहिलं वाक्य: "तुझ्या बापानं भांडणातबी वायर काढली न्हाय बग." ती हसली आणि मग रडली. म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी सांगितलं न्हाय."

आता तीपण यात.

शनि., २१ फेब्रु.

सगळं तयार. वरच्या खोलीत टेबल, खुर्चीला उशी, नेट दिवसभर एकदाही हललं नाही. वहिनी आणि नंदा सकाळपासून एकाच चुलीपुढं, लाडू वळतायत. काचेत तोंड दिसेल इतका रॅक पुसला. याहून चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही.

आज दोनदा तोंडापर्यंत आलं. एकदा वहिनी चहा घेऊन आल्या. दुसऱ्यांदा कुणीच आलं नाही, मीच गिळलं.

तो जो बाळू अण्णानं दोन वर्षं सांभाळला, तसा मी असतो तर किती बरं झालं असतं.

मघाशी दारातून हाक. "बाळू, उद्या टेसनाला मीबी येणार. रिक्षा किती वाजता सांगितलीस?"

आठला म्हणालो. मेघाची रेल्वे साडेनऊला येते. स्टेशन पंधरा मिनिटांवर आहे. फलाटावर सव्वा तास आम्ही दोघंच असू, सांगायला तेवढा पुरे.