‘गेट’ माझ्याकडे

३ मार्च
ताईच्या शालेय इंग्रजी-मराठी कोशाचं काम वाटून झालं. बाकीच्यांनी सोपी क्रियापदं पटकावली. मी ‘गेट’ मागून घेतलं. ताई म्हणाली, याचे अर्थ संपता संपत नाहीत, झेपेल का तुला? म्हटलं, धाकटा असलो तरी भाऊ तुझाच. पंधरा दिवसांत हातावेगळं करतो. तिने माझ्या भरवशावर छापखान्याला शब्द दिला.

९ मार्च
पद्धत ठरली. आधी मूळ, मग अर्थ. पाया कच्चा तर इमला काय टिकणार? मूळ निघालं जुन्या नॉर्स भाषेत. म्हणजे थोडी नॉर्स शिकणं आलं. नवा टेबललॅम्प आणला.

१५ मार्च
ताईचा फोन. ‘मिळणे’ तरी लिहून झालं का, म्हणाली. तो तर पहिलाच अर्थ! सांगितलं, मी अजून मुळाशीच आहे. तिने फोन ठेवला. प्रभावित झाली असावी.

२२ मार्च
मुदत टळली. ‘जी’ अक्षर अडलंय म्हणून छापखानेवाला ताईला वाट्टेल ते बोलला. तिने सांगितलं, भाऊ आजारी आहे. खोटं बोलायची काय गरज होती? दुपारी मात्र खरंच कणकण वाटली. झोपलो.

२९ मार्च
उद्या पहाटे पाचला उठून सगळे अर्थ एका बैठकीत. बायकोने विचारलं, गजर लावलात का? असल्या टोमण्यांकडे मी लक्ष देत नाही.

३० मार्च, सकाळी १०.४०
गजर राहिला. मुळावरची चार पानं ताईला पाठवली. खाली लिहिलं, अर्थ यथावकाश. तिचं उत्तर आलं, बरं, राहू दे. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१८ जून
कोश आला. सहकाऱ्यांत माझं नाव, पुढे ‘गेट’. बायकोने शेजाऱ्यांना दाखवलं. मीही मान डोलावली.

मग आत जाऊन ते पान उघडलं. माझ्या चार पानांतला ‘नॉर्स’ एवढा एक शब्द उरलाय. बाकी अक्षर न् अक्षर ताईचं. ‘गेट अप’ म्हणजे उठणे. उदाहरण: माझा भाऊ उठला तेव्हा काम संपलं होतं.

फोन लावला. कोश छान झालाय म्हटलं. तिने विचारलं, जेवलास का?

हो म्हटलं. जेवलो नव्हतो.